डाव्या डोळ्यांची रांग

माझ्या आत्याच्या हातातला ब्रश काढून घेतला तो तीन वर्षांपूर्वी, गणपती बसायला सतरा दिवस उरले असताना, मंगळवारी सकाळी साडेअकरा वाजता. जागा, पेणमधला एक गणपतीचा कारखाना. तिथे आत्या चोवीस वर्षं मूर्तींचे डोळे काढत होती. त्या मंगळवारपासून आजपर्यंत तिने कारखान्यात एकही डोळा काढलेला नाही.

मी पत्रकं लिहिते. रोह्याला कंत्राटी कामगारांची एक छोटी संघटना आहे, तिच्या ऑफिसात मी काम करते. पत्रक कसं लिहायचं ते तिथल्या एका जुन्या कार्यकर्त्याने मला शिकवलं. पहिल्यांदा अन्याय कुणावर झाला ते सांगायचं, मग नेमका केव्हा, मग कुणी केला. शेवटी मागणी. मध्ये रडगाणं नको. वरच्या परिच्छेदात "कुणी केला" हे आलेलं नाही, ते त्यांच्या लगेच ध्यानात येईल. मी विसरलेले नाही. पण ते एकदा मी घाईत चुकीचं लिहून बसले, म्हणून या वेळी क्रमाने सांगते.

संघटनेच्या धावपळीत माझी पदवी अर्धवट राहिली होती. ती पुरी करायला मी ऑनलाइन कॉलेजात नाव घातलं. विषय निवडायची यादी माझ्यापर्यंत येईतो दोनच विषय शिल्लक होते, आणि त्यातल्या एकाचा तास नेमका आमच्या बैठकीच्या वेळी. म्हणून "आधुनिक कलेचा इतिहास". आवडीबिवडीचा संबंध नव्हता. उलट मनात रागच. पहिल्याच तासाला मी माइक चालू करून मॅडमना विचारलं की या चित्रांचा कामगाराला उपयोग काय. मॅडम पुण्याच्या, आवाज शांत. म्हणाल्या, प्रश्न चांगला आहे, वर्षभर जवळ ठेवा. मला वाटलं, टाळलं.

तास शनिवारी दुपारी तीन ते पाच. शनिवारी दुपारी पहिल्या शिफ्टची माणसं सुटून थेट ऑफिसात येतात, कुणाची हजेरी कापलेली, कुणाचा गेटपास अडवलेला. तिथे कानात इयरफोन घालून फ्रान्समधली चित्रं बघणं मला जमेना. मग मी जेवून रोह्याहून गाडी धरायची आणि पेणला आत्याच्या कारखान्यात जाऊन बसायची. फोन रंगाच्या डब्याला टेकवून उभा करायचा. एक इयरफोन माझ्या कानात, एक तिच्या.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. खाडीकाठच्या गावातली, लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं मिठागरावर फावडं ओढलेली. नवरा गेल्यावर पेणला आली आणि कारखान्यात पॉलिश पेपरने मूर्ती घासायला लागली. पुढे दागिने रंगवायला बसवलं. एका वर्षी डोळ्यांची आखणी करणारे म्हातारे कारागीर आजारी पडले, हंगाम अंगावर आलेला, तेव्हा शेठनी हिच्या हातात बारीक ब्रश दिला. मिठागरावरचा तो जाड, भेगाळलेला हात. पण पापणीची रेघ तो एका दमात ओढायचा. आखणी चालू असताना ती बोलत नसे, कानातला इयरफोनही काढून ठेवी. बाकी कामाला, म्हणजे पहिला हात मारताना, सोंडेवरची नक्षी काढताना, तिला तास चालायचा. इंग्रजी शब्द आले की मला कोपराने ढोसायची. मी अर्थ सांगायचे. मला येत नसेल तर म्हणायची, "मंग फी कसली भरतेस गो?"

एकदा पडद्यावर नुसता एकाच रंगाचा भला मोठा कॅनव्हास आला. मॅडम दहा मिनिटं त्यावर बोलल्या. आत्याने नीट ऐकलं आणि निकाल दिला: हे अस्तर आहे, पुढचं काम राहिलंय. मी तो निकाल मॅडमना लिहून पाठवला. त्या इतक्या हसल्या की त्यांनी माइक बंद केला. मग म्हणाल्या, तुमच्या आत्यांचंही नाव नोंदवून घ्यायला हवं.

पण खरी गंमत घनवादाच्या दिवशी झाली. चेहरा तोडून पुन्हा जोडलेला, नाक एकीकडे, दोन्ही डोळे एकाच गालावर. मला वाटलं आता ही हसणार. तिने ब्रश पाण्यात ठेवला, हात पुसले आणि फोन उचलून डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितलं. मग मला विचारलं, "ह्याला सरळ डोळा काढता येत हुता का?"

मी मॅडमना विचारलं. त्यांनी त्याच चित्रकाराचं पोरवयातलं एक चित्र दाखवलं, अगदी माणसासारखं माणूस. आत्याने मान हलवली. म्हणाली, "मंग ठीक हाय. जानून केलाय."

वर्षभरात या विषयावर मी जे वाचलं, पाठ केलं, त्यात माझ्या कामाचं एवढंच निघालं. जाणून करणं आणि न जाणता करणं. ते मला दुसरा इयरफोन कानात घातलेल्या बाईने सांगितलं होतं, आणि मी ते ऐकून सोडून दिलं.

आता तिची काम करायची पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिथेच अडकलेलं आहे. बाकीचे कारागीर एक मूर्ती घेतात, तिचे दोन्ही डोळे पुरे करतात, मग पुढची. आत्याचं तसं नव्हतं. ती सगळी रांग समोर मांडून घ्यायची, तीस असो की चाळीस, आणि आधी सगळ्यांचे डावे डोळे काढायची. ते वाळले की रांगेच्या सुरुवातीला परत येऊन सगळे उजवे. तिचं म्हणणं, हात एका बाजूला बसला की बसला. मूर्तीगणिक बाजू बदलली तर नजर फाकते. तिने काढलेल्या गणपतीची नजर कधी फाकली नाही. समोर कुठेही बसा, तो तुमच्याकडेच बघतो. गिऱ्हाइकं यायची ती याच्यासाठी.

पण यामुळे असं व्हायचं की दीडदोन तास अख्खी रांग एका डोळ्याने उभी असे. तेवढा वेळ कारखान्याच्या त्या भागात पडदा. जुनी चादर होती, दोरीवर टाकलेली. गिऱ्हाइकाला तिकडे यायला बंदी, आम्हा घरच्यांनाही ती शक्यतो बसू देत नसे. मी मात्र बसायची, कारण माझा तास. तिने मला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं होतं की अर्ध्यावर त्याच्याकडे बघू नये, आणि बघितलंच तर बोलू नये.

त्या श्रावणात मॅडमनी काम दिलं: आपल्या परिसरातलं एखादं दृश्य आधुनिक कलेच्या नजरेने मांडा, पाच फोटो, दहा मिनिटांचं सादरीकरण. मला विचार करायची गरजच पडली नाही. त्या शनिवारी आत्याने एकेचाळीस डावे डोळे पुरे केले आणि ब्रश धुवायला मागच्या नळावर गेली. मी उठले. उजेड कमी होता म्हणून पडदा सारला. फोटो काढला.

तिने नको म्हटलेलं मला माहीत होतं. पण आमच्या कामात आधी फोटो काढायचा असतो. गेटवर माणूस पडला, पाइप फुटला, आधी फोटो. परवानगी विचारत बसलात तर पुरावा जातो. ही सवय माझ्या बोटांना लागली होती. इथे कुणी पडलं नव्हतं, काही फुटलं नव्हतं. पडदा पुन्हा ओढून मी जागेवर बसले. आत्या आली, उजव्या डोळ्यांना लागली. मी फोन पुन्हा डब्याला टेकवला.

पुढच्या शनिवारी मी रोह्याच्या ऑफिसातून तास केला. पेणला गेले नाही, यावरूनच काय ते समजा. फोटो पडद्यावर आला. एकेचाळीस पांढरे, गुलाबी, केशरी चेहरे, प्रत्येकाचा एकच डोळा, सगळे एकाच दिशेला बघणारे. मी खाली शीर्षक दिलं होतं. श्रम, बाजार, अर्धी नजर असलं काहीतरी. मी दहाऐवजी वीस मिनिटं बोलले. मॅडम म्हणाल्या, वर्षातलं हे सगळ्यात ताकदीचं सादरीकरण. मला फार बरं वाटलं होतं, ते लपवत नाही. फोटोच्या कोपऱ्यात नळावर वाकलेल्या आत्याची पाठ आली होती, आणि वरच्या बाजूला भिंतीवर टांगलेली कारखान्याची पाटी. ती पाटी मी पाहिली नाही. पत्रकातला एक काना चुकला तर मला दिसतो, आणि ती पाटी दिसली नाही.

वर्गातल्या एकाने पडद्याचा स्क्रीनशॉट काढला आणि आपल्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पोराच्या मनात वाईट काही नसावं. त्याने वर लिहिलं, "पेणचे काणे बाप्पा", आणि हसरे चेहरे. शनिवारी संध्याकाळी टाकलं. सोमवारी दुपारपर्यंत शेठच्या फोनवर तो फोटो सात जणांकडून आला होता. एका मंडळाने विचारलं, आमच्या मूर्तीलाही एकच डोळा देणार का. दुसऱ्यांनी ठरवलेल्या मूर्ती नको म्हणून कळवलं. देवाची टवाळी करता का, असंही कुणी कुणी विचारलं.

मंगळवारी मी रोह्याला होते. कारखान्यात काय झालं ते आत्याने मला कधी सांगितलं नाही. तिच्या शेजारी दागिने रंगवायला बसणाऱ्या बाईंनी सांगितलं. रांग मांडलेली होती, डावे डोळे झाले होते. शेठ आले. ते ओरडणारे गृहस्थ नव्हेत. त्यांनी चादर बाजूला केली, म्हणाले, "ताई, हात थांबवा," आणि फोन तिच्यापुढे धरला.

तिने फोटोत स्वतःची पाठ ओळखली. कुणी काढला असं विचारलं नाही. शेठ म्हणाले की मंडळाचे लोक बारा वाजता कारखाना बघायला येताहेत आणि आखणीचा हात बदलला असं मी त्यांना कळवून बसलोय. तिने एवढंच मागितलं की ही रांग तेवढी पुरी करू द्या, उजवे डोळे काढते आणि उठते. शेठनी नाही म्हटलं. लोक आले आणि तीच बसलेली दिसली तर मी खोटा पडेन, म्हणाले. तिने ब्रश धुतला, फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत घातला.

त्या रांगेचे उजवे डोळे शेठच्या सुनेने काढले. ड्रॉइंगच्या परीक्षा दिलेली आहे ती, हात वाईट नाही. मी ती रांग नंतर पाहिली. दोन्ही डोळे सारखे, रेघ सरळ, रंग तोच. आत्याने दारातूनच बघितलं आणि म्हणाली की डावा बघतोय, उजवा नुसता उघडा आहे. मग मलाही तेच दिसायला लागलं. त्या मूर्ती विकल्या गेल्या, लोकांच्या घरी बसल्या, त्यांच्यापुढे आरत्या झाल्या. एक हात मध्येच थांबवून दुसऱ्याने पुरं केलेलं काम कुणाला दिसलं नाही.

मंगळवारी दुपारी मला त्या दागिने रंगवणाऱ्या बाईंचा फोन आला तेव्हा मी काय केलं? पत्रक लिहिलं. दुसरं काही येतच नाही. गाडीत बसून लिहिलं, पेणला उतरल्या उतरल्या पन्नास प्रती काढल्या. चोवीस वर्षं राबलेल्या आखणी कामगार महिलेवर अन्याय, मंगळवार, सकाळी साडेअकरा, मालकाचं नाव, मागणी: सन्मानाने कामावर परत घ्या. चांगलं झालं होतं. कुठे पाल्हाळ नाही.

संध्याकाळी ते घेऊन आत्याच्या खोलीवर गेले. ती बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसली होती. मी वाचून दाखवलं. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. दुसऱ्यांदा वाचून झाल्यावर ती सालं परातीच्या कडेला सारत म्हणाली, "वार बराबर हाय. टायम बराबर हाय. मानूस चुकलाय."

मी म्हटलं, काढलं तर शेठनीच ना तुला.

"शेठनी ब्रश ठेवाय सांगितला. पडदा कुनी सारला?"

मी पत्रकाची घडी घातली. तिने वालांचा अर्धा ढीग माझ्यापुढे लोटला आणि म्हणाली, "हात लाव." आम्ही दोघींनी वाल सोलले. जेवलो. ती त्यावर पुन्हा कधी एक शब्द बोलली नाही. ना तेव्हा, ना गेल्या तीन वर्षांत. ती रडली असती, मला शिव्या घातल्या असत्या, तर मला सोपं गेलं असतं. त्या पन्नास प्रती आम्ही ऑफिसात पाठकोऱ्या म्हणून वापरल्या.

तेव्हा ते राहिलेलं वाक्य: अन्याय मी केला.

त्यानंतर मी जमेल ते सगळं केलं. वर्गातल्या त्या मुलाला फोन केला. तो घाबरला, माफी मागितली, त्याने फोटो पुसला. पण तोवर फोटो कुठल्या कुठे गेला होता. मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या आत्यांनी परवानगी दिली होती का, हे मीही विचारायला हवं होतं. त्यांनी तासाचं रेकॉर्डिंग काढून टाकलं. गुण मात्र बदलत नाहीत म्हणे. माझ्या गुणपत्रिकेवर या विषयाला सगळ्यात वरची श्रेणी आहे. ती मी फाइलमध्ये उलटी घालून ठेवलीय.

पुढचे तास मी एकटीनेच केले, दोन्ही कानांत इयरफोन घालून. कॅमेरा आल्यावर चित्रकारांनी काय केलं, असा एक तास होता. मला प्रश्न सुचले होते. ते विचारायला शेजारी कुणी नव्हतं. रोह्यात ऑफिसबाहेर शिफ्टची माणसं थांबली होती, त्यांच्या तक्रारी लिहून घ्यायला मी पाच मिनिटं आधीच तास सोडला.

आत्या आज त्याच कारखान्यात आहे. शेठनी परत घेतलं, पण घासकामाला. जिथून सुरुवात केली तिथे, नाकाला रुमाल बांधून, पांढऱ्या धुळीत. कोरे चेहरे गुळगुळीत करून पुढे सरकवते. डोळे दुसऱ्या खोलीत काढले जातात.

मी शेठकडे दोनदा गेले. पहिल्यांदा माफी मागायला, दुसऱ्यांदा भांडायला. दोन्ही वेळा त्यांनी चहा दिला. दुसऱ्या खेपेला त्यांनी स्पष्ट सांगितलं. ताईंसारखा हात पुन्हा मिळणार नाही हे मला कळतं, म्हणाले. पण दरवर्षी श्रावण लागला की तो फोटो कुठून तरी पुन्हा वर येतो, खाली नवीन कायतरी लिहिलेलं असतं, आणि पाठ तिची, पाटी माझी. ज्या वर्षी तो फिरणार नाही, त्या वर्षी तिला डोळ्यांना बसवतो. त्यांच्या या बोलण्यात मला खोट सापडली नाही. मी शोधली होती.

गेल्या वर्षी श्रावणाचे दहा दिवस गेले तरी फोटो आला नाही. आत्याने मला काही सांगितलं नाही, पण शनिवारी मी गेले तेव्हा खोलीवर तो ब्रश फडक्यातून बाहेर काढलेला होता. एका फुटक्या मूर्तीचा चेहऱ्याचा तुकडा तिने कारखान्यातून आणला होता आणि त्यावर एक डावा डोळा काढला होता. एका दमात. हात जराही हलला नव्हता. शेजारी उजव्याची जागा कोरी. मी बघितलं आणि काही बोलले नाही. या वेळी तरी.

नारळी पौर्णिमेला फोटो परत आला. या खेपेला खाली लिहिलं होतं, "बघा आणि दहा जणांना पाठवा". शेठनी तिला बोलावलंही नाही. घासायच्या ओळीत तिच्यापुढे पंधरा कोऱ्या मूर्ती आणून ठेवल्या, त्यावरून तिला कळलं. ब्रश पुन्हा फडक्यात गेला.

ती आता अठ्ठावन्न वर्षांची आहे. हात अजून स्थिर आहे. किती वर्षं राहील ते मला सांगता येत नाही, तिलाही नाही. उजव्या खांद्यावर घासकामाचा ताण येतो, रात्री ती त्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून झोपते.

मागणी अशी. कारखान्याचं नाव मी इथे लिहिलेलं नाही, आत्याचंही नाही, आणि फोटोही छापायला दिलेला नाही. तो तुमच्यापैकी अनेकांकडे आधीच आहे. फोन उघडा. मंडळाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, घरच्यांचा ग्रुप, सगळे बघा. एका डोळ्याच्या गणपतींची रांग आणि कोपऱ्यात पाठमोरी बाई, असा फोटो सापडला तर पुसून टाका, आणि ज्याने पाठवला त्यालाही पुसायला सांगा. या श्रावणात तो तुमच्याकडे आला तर पुढे पाठवू नका. हसायला नाही, हळहळायला नाही, आणि हे वाचून तिची कैफियत सांगायलाही नाही. आजच पुसा.